न बघणाऱ्यांच्या पैशांवर चालणारं भांडण

अमेरिकेतल्या केबल बातम्यांवर चिडलेली माणसं बहुधा दोन प्रकारची असतात. एकांना फॉक्स न्यूज म्हणजे देशाच्या डोक्यात भिनलेलं विष वाटतं, दुसऱ्यांना तेच सीएनएन आणि एमएसएनबीसीबद्दल वाटतं. (एमएसएनबीसीने नोव्हेंबर २०२५ मध्ये एमएस नाऊ असं नाव घेतलं, पण शिव्या अजून जुन्याच नावाने पडतात.) न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत हे दोन्ही पक्ष हमखास भेटतात. लिबर्टेरियन मंडळींची चूल तिसरी, आणि माझाही कल तिकडेच. कर कमी असावेत, पोलिसांचे अधिकार कमी असावेत, परदेशातली युद्धं कमी असावीत, कोण घरात बसून काय ओढतो यात सरकारने नाक खुपसू नये, हे सगळं एका दमात म्हणणाऱ्या माणसाला या वाहिन्यांवर आपलं असं काही सापडत नाही. त्याचा एक फायदा होतो. कुठली वाहिनी जास्त खोटारडी हा हिशेब सोडून देऊन हा धंदा चालतो कसा, ते निवांत पाहता येतं.

पण आधी आमच्याच गोटातला एक लाडका समज तपासायला हवा. तो असा: लोकांना पक्षपाती बातम्या हव्या असतात, बाजार त्या पुरवतो, ज्याला नको त्याने बघू नये. ऐकायला छान वाटतं. या वाहिन्यांचा जन्म मात्र इतका सोवळा नाही.

१९९२ साली अमेरिकी काँग्रेसने केबलचा नवा कायदा केला. अँटेनावर फुकट दिसणारी वाहिनी केबलवाल्याने आपल्या तारेवरून दाखवली, तर त्याच्याकडून मोबदला मागायचा हक्क त्या कायद्याने प्रक्षेपकांना दिला. केबल कंपन्या रोख पैसे द्यायला तयार नव्हत्या. मग तडजोड निघाली: पैशांऐवजी तारेवर आणखी एका वाहिनीची जागा घ्या. एबीसीच्या मालकांना त्यातून ईएसपीएन-२ साठी जागा मिळाली, फॉक्सला एफएक्ससाठी, आणि एनबीसीने जुलै १९९४ मध्ये ‘अमेरिकाज टॉकिंग’ नावाची गप्पांची वाहिनी काढली. तिचा प्रमुख होता रॉजर एल्स. ती फार चालली नाही. १५ जुलै १९९६ ला एनबीसी आणि मायक्रोसॉफ्टने तिच्याच जागेवर एमएसएनबीसी उभी केली. एल्स त्याआधीच फॉक्सच्या मालकाकडे, रूपर्ट मर्डॉककडे, गेला होता, आणि ७ ऑक्टोबर १९९६ ला त्याने फॉक्स न्यूज सुरू केली. म्हणजे आजची डावी वाहिनी ज्या जागेवर उभी आहे ती जागा एका सरकारी कायद्यातून निघाली, आणि त्या जागेवर आधी दुकान मांडून बसलेला माणूस उजवी वाहिनी घडवायला गेला.

त्या वर्षीच्या न्यूयॉर्कमध्ये तर कमालच झाली. मॅनहॅटनची केबल टाइम वॉर्नरच्या हातात होती, आणि टाइम वॉर्नर त्याच वेळी सीएनएनच्या मूळ कंपनीला आपल्यात विलीन करून घेत होती. स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय व्यापार आयोगाने अट घातली: सीएनएनखेरीज दुसरी एक चोवीस तासांची वृत्तवाहिनी दाखवावी लागेल. टाइम वॉर्नरने एमएसएनबीसी निवडली आणि फॉक्सला बाहेर ठेवलं. मर्डॉक तेव्हा इतर शहरांत केबलवाल्यांना दर ग्राहकामागे सुमारे दहा डॉलर स्वतःच मोजत होता, म्हणजे ‘दाखवा हो’ म्हणून मागे लागला होता. न्यूयॉर्कवाचून जाहिरातदार हाताला लागेनात. तेव्हा महापौर रुडी जुलियानी मदतीला धावले. केबलच्या कंत्राटात काही वाहिन्या नगरपालिकेसाठी राखीव असतात. त्यातल्या एकीवर फॉक्स न्यूज दाखवायचा घाट त्यांनी घातला. १९८९ च्या निवडणुकीत एल्स त्यांचा प्रचार सल्लागार होता, हेही इथे नोंदवून ठेवावं. टाइम वॉर्नर कोर्टात गेली, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये केंद्रीय न्यायाधीश डेनिस कोट यांनी महापालिकेला मनाई केली. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं आणि फॉक्स न्यूयॉर्कच्या तारेवर आली.

व्यापार आयोग, महापालिका, कंत्राट, कोर्ट. याला मुक्त बाजार म्हणायला जीभ जरा अडखळते.

आता पैशांकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. केबल कंपनी प्रत्येक वाहिनीला दर घरामागे दरमहा ठरावीक रक्कम देते. फॉक्स न्यूजला साधारण दोन डॉलर, सीएनएनला एक डॉलरच्या आसपास, एमएसएनबीसीला एका डॉलरचा तिसरा हिस्सा. ग्राहकाने वाहिनी लावली की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडानेही लिफ्टचा मेंटेनन्स भरायचा, तसं हे आहे. सात कोटी घरं धरली तर फक्त दोन डॉलरचे वर्षाला १६८ कोटी डॉलर होतात. संध्याकाळच्या मुख्य वेळेत फॉक्स बघणारे असतात वीस-तीस लाखांच्या घरात. फॉक्स कॉर्पोरेशनच्या केबल विभागाच्या ताळेबंदात जाहिरातींपेक्षा या वर्गणीचं उत्पन्न कितीतरी जास्त असतं. म्हणून जाहिरातदारांवर बहिष्काराचा दबाव आणणाऱ्या मोहिमा एखाद्या सूत्रधाराला घायकुतीला आणतात, पण वाहिनीला फारसा धक्का लागत नाही. जाहिरातदार पळाला तरी न बघणाऱ्यांचे पैसे येतच राहतात.

वाहिन्या सुट्या विकत घेता याव्यात, ही मागणी अमेरिकेत जुनी आहे. दूरसंचार आयोगाने २००४ च्या अहवालात ती ग्राहकाला महाग पडेल असं सांगितलं, आणि २००६ च्या अहवालात आधीचं गणित चुकलं होतं असं म्हणून बाजू बदलली. २०१३ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. वर्गणी सुटी झाली की वाहिन्या आपोआप सुधारतील, असं आमच्या गोटातल्या बऱ्याच जणांना वाटतं. त्यांनी एकदा भारताकडे पाहावं. तिथल्या दूरसंचार नियामकाने, ट्रायने, फेब्रुवारी २०१९ पासून हाच नियम लागू केला: तेव्हा सुरुवातीच्या शंभर वाहिन्यांना १३० रुपये अधिक जीएसटी, पुढे हवी ती वाहिनी निवडून घ्या. वृत्तवाहिन्या तर बहुतेक फुकट किंवा नाममात्र दराच्या, आणि अनेक वाहिन्या उलट केबलवाल्यालाच आपल्याला दाखवण्याचे पैसे देतात. पैशांची दिशा अमेरिकेच्या बरोबर उलटी. पडद्यावर मात्र तेच: आठ खिडक्या, आठ तोंडं, खाली धावती लाल पट्टी. जाहिरातीवर जगायचं म्हणजे रेटिंगवर जगायचं, आणि ती रेटिंग इतकी वादात सापडली की ती मोजणाऱ्या बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले ते मार्च २०२२ पर्यंत. तेव्हा सुटी निवड हवी ती माझे पैसे माझ्या खिशात राहावेत म्हणून. त्यातून बातमी सुधारेल ही आशा वेगळी, आणि तिला पुरावा नाही.

आता एक तास उघडून पाहू. अमेरिकी केबलच्या तासात मजकूर पाऊण तासाच्या जरा आतबाहेर, बाकी जाहिराती. हा मजकूर पाच-सहा तुकड्यांत विभागलेला असतो. पहिला तुकडा, ज्याला तिथे ‘ए ब्लॉक’ म्हणतात, सर्वांत लांब असतो, बारा-पंधरा मिनिटांचा, आणि तो जाहिरातीविना चालतो. आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक उठून जाण्यापूर्वी त्याला खुर्चीत खिळवायचं हे त्याचं काम. म्हणून दिवसातली सर्वांत संतापजनक गोष्ट इथे येते, सर्वांत महत्त्वाची येईलच असं नाही. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचे आकडे मिनिटामिनिटाचे येतात. कुठल्या पाहुण्याच्या वेळी आलेख खाली गेला हे निर्मात्याला दुसऱ्या दिवशी दिसतं. जाहिरातीचा भाव ठरतो २५ ते ५४ वयाच्या प्रेक्षकांवर, आणि सरासरी प्रेक्षक असतो पासष्टी-सत्तरीच्या आगेमागे. म्हणून मध्ये मध्ये सांधेदुखीच्या गोळ्या, सोन्याची नाणी आणि दार असलेले बाथटब विकले जातात.

पाहुणे जमवणारा वेगळा माणूस असतो, बुकर. तो दुपारी फोन करतो आणि गप्पा मारल्यासारखं विचारतो, या विषयावर तुमचं काय म्हणणं? ती चाळणी असते. जो म्हणतो ‘याला दोन बाजू आहेत, आणि दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे’ त्याला पुन्हा फोन येत नाही. जो पहिल्या वाक्यात निकाल देतो त्याला गाडी पाठवतात. पडद्यावर वेळ मिळतो चार ते सहा मिनिटं, त्यात तिघे असतील तर प्रत्येकाला दीड. पाहुणा दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत असेल तर त्याच्या कानात एक छोटा इअरपीस आणि समोर फक्त कॅमेऱ्याचं काळं भिंग. बाकीचे चेहरे त्याला बहुतेक वेळा दिसतही नाहीत. उपग्रहामुळे आवाज सेकंद-दीड सेकंद उशिरा पोहोचतो, आणि प्रेक्षकाला तो उशीर चाचरण्यासारखा दिसतो. सूत्रधाराला हे माहीत असतं. विरोधी मताचा पाहुणा दूरच्या स्टुडिओत आणि आपल्या मताचा शेजारी टेबलावर असेल, तर निम्मी लढाई बसवण्याच्या जागेतच जिंकली जाते.

पडद्याखालची पट्टी लिहिणारा नियंत्रण कक्षात बसतो. तिथे जेमतेम एक ओळ मावते. विमानतळावर, व्यायामशाळेत, दातांच्या डॉक्टरकडे टीव्ही मूक असतो, तिथे ती पट्टी हीच बातमी. पट्टीच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की समजावं, हे ठामपणे लिहायला वकिलांनी होकार दिलेला नाही.

आणि हे सगळं का करायचं? कारण स्वस्त पडतं. परदेशात एक बातमीदार ठेवायचा म्हणजे कॅमेरामन, स्थानिक दुभाषा, विमा, सुरक्षा, उपग्रहाचं भाडं, आणि आठवडाभरात हाती लागणार दोन मिनिटं. पाच माणसांना खिडक्यांत बसवायला मेकअप आणि गाडी पुरते.

घाईची किंमत पाहायची तर २८ जून २०१२ चा दिवस घ्यावा. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल यायचा होता. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालात आधी लिहिलं की आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली विम्याची सक्ती टिकत नाही. इथपर्यंत वाचून सीएनएन आणि फॉक्स दोघांनीही सक्ती रद्द झाल्याचं जाहीर केलं. काही पानं पुढे लिहिलं होतं की कर म्हणून तीच सक्ती वैध आहे. कायदा शाबूत होता. दोन विरुद्ध टोकांच्या म्हणवणाऱ्या वाहिन्या एकाच वेळी, एकाच पानावर, सारख्याच आपटल्या. पक्षपाताने त्या दिवशी काही बिघडवलं नव्हतं; मिनिटभराच्या शर्यतीनेच बिघडवलं.

इथे माझी मुख्य तक्रार येते. दोन्हीकडचा रोजचा कंठशोष सत्ता कुणाच्या हातात असावी यावर चालतो. ती सत्ता केवढी असावी, हा प्रश्न दोघांनाही अडचणीचा, कारण राष्ट्राध्यक्षाचं प्रत्येक वाक्य जगबुडीचं असल्याशिवाय चोवीस तास भरत नाहीत. सत्तेच्या आकाराचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो युद्धात, आणि तिथे या वाहिन्यांचं एकमेकींशी बरंच जमतं. फेब्रुवारी २००३ मध्ये, इराकवर हल्ला व्हायला महिनाभर उरला असताना, एमएसएनबीसीने फिल डॉनह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. युद्धविरोधी सूर लावणारे ते त्या वाहिनीवरचे ठळक सूत्रधार होते, आणि त्या वाहिनीवर त्यांचाच कार्यक्रम सर्वांत जास्त बघितला जात होता. आज तिला डावी म्हणतात. २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं की वाहिन्यांवर तज्ज्ञ म्हणून झळकणाऱ्या अनेक निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना पेंटॅगॉन मुद्दे पुरवत होतं, आणि त्यातल्या कित्येकांचे शस्त्रकंत्राटदारांशी आर्थिक संबंध होते. प्रेक्षकाला पट्टीवर फक्त ‘निवृत्त जनरल’ दिसायचं. पत्रकाराला या कामाचं पुलित्झर मिळालं. वाहिन्यांनी त्यावर जवळजवळ मौनच पाळलं.

किंवा जेम्स क्लॅपर घ्या. राष्ट्रीय गुप्तचर संचालक असताना, मार्च २०१३ मध्ये, सरकार कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करतं का या सिनेटमधल्या प्रश्नाला त्यांनी नाही म्हटलं. जूनमध्ये सरकारी टेहळणी उघड करणारी स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली आणि आपलं उत्तर चुकीचं होतं हे क्लॅपर यांना कबूल करावं लागलं. २०१७ मध्ये सीएनएनने त्यांना पगारी विश्लेषक म्हणून घेतलं. सीआयएचे माजी प्रमुख जॉन ब्रेनन २०१८ मध्ये एनबीसी आणि एमएसएनबीसीकडे गेले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच पगारावर ठेवलं तर प्रश्न विचारणार कोण?

तिसऱ्या चुलीवाल्यांना तर दारातच अडवतात. जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदानाच्या तोंडावर फॉक्सने रिपब्लिकन उमेदवारांची चर्चा ठेवली आणि त्यांच्यातल्या लिबर्टेरियन विचारांच्या रॉन पॉल यांना बोलावलं नाही. राज्यातल्या रिपब्लिकन पक्षानेच त्यावर आपलं प्रायोजकत्व काढून घेतलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या मुख्य वादविवादांना पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांत सरासरी १५ टक्के लागत. चाचणी घेणारे बहुधा वाहिन्या आणि वर्तमानपत्रंच. ज्याला पडद्यावर दाखवत नाही त्याचं नाव लोकांना माहीत नाही, ज्याचं नाव माहीत नाही त्याला १५ टक्के नाहीत, आणि १५ टक्के नाहीत म्हणून पडद्यावर जागा नाही. २०१६ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन त्या रेषेखालीच राहिले आणि तरीही त्यांना सुमारे ४५ लाख मतं पडली. सीरियातल्या अलेप्पो शहराबद्दल विचारल्यावर ‘अलेप्पो म्हणजे काय’ असं एमएसएनबीसीवर बोलून बसले, तीही त्यांचीच करणी. ती चित्रफीत मात्र वाहिन्यांनी आनंदाने दिवसभर फिरवली.

वाहिनीचा मालक प्रेक्षकांना नाचवतो, असा सर्वसाधारण समज आहे. मतयंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने फॉक्सवर लावलेल्या बदनामीच्या खटल्यात बाहेर आलेले आतले निरोप वाचले की दोरी उलट्या बाजूने दिसते. ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री फॉक्सने ॲरिझोना बायडेनला दिलं, बरोबर दिलं, आणि प्रेक्षक संतापून न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या वाहिनीकडे वळायला लागले. मतयंत्रांतल्या घोटाळ्याच्या गोष्टींवर आतल्या कित्येकांचा विश्वास नव्हता. पडद्यावर त्या गोष्टी सांगणारे पाहुणे येतच राहिले, कारण प्रेक्षक हातचा जाईल ही भीती खरी होती. १८ एप्रिल २०२३ ला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन मिटवलं. दुसऱ्या बाजूच्यांनी फार हरखून जाऊ नये. फॉक्सचा सूत्रधार टकर कार्लसन याच्या बोलण्यावरून वाहिनीवर लावलेला एक बदनामीचा दावा न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला, कारण त्याचं बोलणं कुठलाही समंजस प्रेक्षक शब्दशः खरं धरणार नाही. आणि त्याच वर्षी एमएसएनबीसीच्या रेचल मॅडोवरचा दावा जवळपास त्याच कारणाने फेटाळला गेला, अपील न्यायालयानेही २०२१ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. दोन्ही निकाल कायद्याने योग्यच. प्रेक्षकाने ते छापून टीव्हीशेजारी लावायला हरकत नाही.

मग करायचं काय? पहिलं उत्तर येतं: जुना ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ परत आणा. १९४९ पासून १९८७ पर्यंत प्रक्षेपकांनी वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात असा नियम होता. तो टिकला या युक्तिवादावर की हवेतल्या लहरी मोजक्या आहेत. केबलची तार काही हवेतली लहर नव्हे, त्यामुळे तो परत आला तरी फॉक्स आणि सीएनएन त्याच्या बाहेरच. शिवाय न्याय्य काय ते ठरवणार सरकारने नेमलेले लोक. केनेडींच्या काळात हाच नियम उजव्या रेडिओ केंद्रांना बेजार करायला वापरला गेला होता. ‘त्यांचं लायसन्स काढून घ्या’ ही ओरडही अशीच पोकळ: लायसन्स प्रत्येक स्थानिक प्रक्षेपण केंद्राचं असतं, केबल वृत्तवाहिनीला ते नसतंच. स्थानिक केंद्रांचं असतं म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी डोळे वटारल्यावर एबीसीने जिमी किमेलचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला. असलं हत्यार केबलपर्यंत लांबवा म्हणणाऱ्यांनी ते उद्या कुणाच्या हाती जाईल याचा विचार करावा.

राहता राहिलं बिल. त्याच्यावर आपला हात आहे. इंटरनेटवरून वाहिन्यांचा संच देणारा यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये महिन्याला ३५ डॉलरला मिळायचा, जानेवारी २०२५ मध्ये ८२.९९ ला झाला, त्यात तिन्ही वाहिन्यांची वर्गणी धरलेली होती. फिलो या तशाच सेवेने २०१७ मध्ये खेळ आणि महागड्या बातम्या वगळून १६ डॉलरचा संच काढला तेव्हा हे सुटं करता येतं हे सिद्ध झालं. स्थानिक बातम्या आणि हवामान अँटेनावर फुकट येतात. निकाल लागला तर सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर त्याचा सारांश त्याच मिनिटाला असतो, आणि तो वाचायला एक ए ब्लॉक पुरतो. सप्टेंबर २०२० मध्ये दोन संशोधकांनी फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन आठवड्याला सात तासांपर्यंत सीएनएन बघायला लावलं. काही मतं बदलली, माहितीही बदलली. पैसे बंद झाले तसे लोक जुन्या वाहिनीवर परतले आणि परिणाम ओसरला. सक्तीने तर नाहीच, लाच देऊनही सवय मोडत नाही, एवढं त्यातून दिसतं.

ज्यांना बघायचंच आहे त्यांच्यासाठी काँग्रेसचं कामकाज दाखवणारी सी-स्पॅन आहे. केबल उद्योगाने १९७९ मध्ये काढलेली, ना नफा तत्त्वावरची, सरकारी पैसा न घेणारी. दर घरामागे महिन्याला साधारण सात सेंट. सूत्रधार ओरडत नाहीत, जाहिराती नाहीत, आणि कंटाळा भरपूर. तिच्यातही एक खोट आहे, जी बहुतेकांना ठाऊक नसते: प्रतिनिधीगृहातले कॅमेरे सी-स्पॅनचे नसून गृहाचेच असतात. कोण बोलतोय तेवढंच ते दाखवतात, समोरची रिकामी बाकं सहसा दाखवत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये सभापतीची निवड पंधरा फेऱ्या लांबली. सभापती नाही तोवर नियम नाहीत, आणि नियम नाहीत म्हणून त्या चार दिवसांत सी-स्पॅनने स्वतःचे कॅमेरे हवे तिकडे फिरवले. डेमोक्रॅट ओकासियो-कॉर्टेझ आणि रिपब्लिकन गोसार एका बाजूला कुजबुजताना दिसले. शेवटच्या रात्री मॅट गेट्झच्या अंगावर धावून निघालेल्या माइक रॉजर्सना एका सहकाऱ्याने तोंडावर हात टाकून मागे ओढलं, तेही दिसलं. कोण कुणाला पटवतोय, कोण कुणावर रुसलाय, हे देशाने कुठल्याही खिडकीतल्या तज्ज्ञाशिवाय पाहिलं. केव्हिन मॅकार्थी सभापती म्हणून निवडून आल्यावर सी-स्पॅनने आपले कॅमेरे आत राहू द्या म्हणून लेखी विनंती केली. ती मान्य झाली नाही, आणि त्यावर फॉक्स किंवा एमएसएनबीसीने एकही ए ब्लॉक खर्ची घातल्याचं मला आठवत नाही.